आत्याला भिंतीवर काढायचं नाही

मुंबईच्या माणसांची टिंगल करायला मला कुठे लांब जावं लागलं नाही. कंपनीची बस त्यांना रोज सकाळी सव्वानऊला माझ्या खिडकीसमोर आणून सोडायची. दोन हजार तीन-चारची गोष्ट. भिवंडीजवळ मानकोलीला नवीन नवीन गोदामं उठत होती, आणि त्यातल्याच एकाच्या गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायच्या कामाला मी लागले होते. आमचं गाव वळ गावाच्या पुढे, रिक्षाने पंधरा मिनिटं. गोदामात माणसं दोन तऱ्हेची. एक आम्ही गावातले आणि दुसरे बसमधले. बसमधले म्हणजे साहेब, हिशेबवाले आणि एक एचआरवाली बाई. मला तोंड भरपूर आहे, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे, पण नोकरी नवीन होती. म्हणून तोंड मिटून घेतलं आणि हात मोकळा सोडला. प्रिंटरमधून वाया गेलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद तिथे ढिगाने पडलेला असायचा. त्याच्या पाठीवर मी या लोकांना काढायला लागले.

पहिला काढला तो रेंजवाला. बसमधून एक पाय खाली टाकला की हा मोबाईल डोक्यावर धरून गोल गोल फिरायचा. "इकडे रेंजच नाही यार!" अरे बाबा, आमच्या गावच्या म्हाताऱ्या भाताच्या बांधावर बसून सासरी गेलेल्या लेकींशी तासतासभर भांडतात, त्यांना बरी मिळते रेंज! मी त्याला आधी टेकाडावर चढवला, मग चिंचेवर, मग कंटेनरच्या टपावर, आणि शेवटच्या चौकटीत एकदाची रेंज आली तर फोनमध्ये बायको म्हणतेय, "येताना कोथिंबीर आणा."

मग ती फ्रेश हवावाली. एचआरची बाई. उतरली की डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायची. "आहाहा, तुम्ही लोक किती लकी आहात, काय हवा आहे!" आणि मागे आमचे सतरा ट्रक इंजिन चालू ठेवून उभे. यात मला काही बनवावंच लागलं नाही. मी फक्त ट्रकचं धुराचं नळकांडं तिच्या नाकाच्या जरा जवळ सरकवलं.

सगळ्यांत गाजला तो हिंदीवाला. हा साहेब दादरचा, आडनाव अस्सल मराठी, आणि माझ्याशी बोलणार हिंदीत. "वो गाडी का गेटपास कहाँ है?" मला वाटलं, बिचाऱ्याला मराठी येत नसेल. मी पण सुरू झाले, "साहब, वो तो उधर टेबल पे रखा है." असं आमचं चांगलं दीड महिना चाललं. एक दिवस त्याच्या आईचा फोन आला आणि हा म्हणतो, "अगं आई, डबा विसरलो मी." मी खिडकीतून बघतच राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि फोन ठेवून तो म्हणाला, "हाँ, तो वो गेटपास?" आता यावर माणसाने काय करावं? मी दोन माणसं काढली, तोंडाने हिंदी बोलणारी आणि डोक्यावरच्या ढगात मराठीतून शिव्या देणारी.

हे कागद आमच्या भिवंडीतल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांपर्यंत गेले. त्यांचं ऑफिस नारपोलीत, खाली लूमचा कारखाना. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं बसून त्यांना ओरडून बोलायची इतकी सवय झाली होती की ते कौतुकही अंगावर आल्यासारखं करायचे. "झकास आहे! दर आठवड्याला द्यायचं!" मी दचकून दोन पावलं मागेच गेले. तिसऱ्या पानावर, लग्न-बारशाच्या शुभेच्छांच्या शेजारी, मला चार बोटं रुंदीची चौकट मिळाली.

गंमत अशी की मुंबईचा एकही माणूस कधी दुखावला नाही. रेंजवाल्याने आपलंच चित्र कापून नोटीस बोर्डावर लावलं आणि मला म्हणाला, "सेम आमच्या शेजारच्यासारखा!" म्हणताना फोन डोक्यावर होता. मला सुरुवातीला वाईट वाटायचं, एवढं जीव तोडून मारायचं आणि लागायचं मात्र शेजाऱ्याला. पुढे मी ते मनावर घेणं सोडलं आणि धीट झाले. नको तेवढी झाले.

मग तीन-चार वर्षांनी माझ्या भावाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात. नवरानवरीची नावं, गणपती, कलश, केळीचे खांब. पण तोवर फ्लेक्स निघाले होते आणि गावात ज्याच्यात्याच्या घरापुढे गॉगल लावलेला नवरदेव दोरीने बांधलेला दिसायचा. भावाला पण फ्लेक्सच हवा होता. बाबा म्हणाले, "घरात चितारी असताना फोटो कशाला टांगायचा? भिंत हाय, रंग हाय, काढ बाय तुला काय काढायचंय ते."

मला तेवढंच पाहिजे होतं. कुंपणाची भिंत नवीन, चुना मारलेली, घरापासून फाटकापर्यंत सरळ. मी म्हटलं, गणपती-कलश दाराजवळ काढते आणि बाकीच्या भिंतीवर वरात काढते. वरातीत आपले मुंबईचे पाहुणे, सगळेच्या सगळे. बाबा हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एकदम गंभीर झाले आणि बोट उभं करून म्हणाले, "आत्याला न्हाय काढायची. भिंतीवर सगळी येऊ देत, आत्या न्हाय."

ही आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, एकुलती एक. लग्न होऊन मुंबईला गेली त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. आणि चार वर्षं तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. कारण लग्नपत्रिका. आमच्यात पत्रिकेत नावं घालायची म्हणजे घरच्या कर्त्याला घाम फुटतो. चुलते, मामे, मावसे, साडू, त्यांची पोरं, पोरांची पोरं, सगळी छापायची, आणि एक जरी राहिला तर तो मांडवात पाय ठेवत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात छापखान्यात जुळणी करताना नेमकी एक ओळ गळली, आणि त्या ओळीत आत्या, आत्याचे यजमान आणि तिचे दोन मुलगे होते. पत्रिका वाटून झाल्यावर आमच्या लक्षात आलं. आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "वहिनीच्या मामेभावाच्या पोराचं टोपणनाव छापलंय, बबल्या म्हणून. बबल्या आहे, मी नाही." आणि फोन ठेवला. बाबा दोनदा मुंबईला जाऊन आले. तिने चहा दिला, जेवायला वाढलं, पण यायचं नाव काढलं की उठून स्वयंपाकघरात जायची.

या वेळी बाबांनी पत्रिकेत तिचं नाव सगळ्यांत वर घातलं, छापखान्यात स्वतः उभं राहून. तेव्हा कुठे ती म्हणाली, "हळदीच्या दिवशी दुपारी येते. तोंड दाखवते आणि निघते." बाबांचा जीव एवढ्यातच अडकला होता. घरातली पहिली हळद आत्याने लावायची ही आमची रीत, आणि हळद संध्याकाळी. दुपारी येऊन ती निघाली तर मुलाला पहिली हळद लावणार कोण? पण खरं सांगायचं तर हळद हे निमित्त होतं. त्यांना आपली बहीण घरात दोन दिवस हवी होती, बस. "ती राहिली पायजे," एवढंच ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. म्हणून मला सक्त ताकीद, तिची टिंगल नको. मला पण ते पटलं. उगाच खपली कशाला काढा!

आठ दिवस ड्युटीवरून आले की मी शिडीवर. मुलुंडचा काका काढला, जो कुठेही गेला की आधी पंख्याखालची जागा बघतो. त्याला वरातीत नाचताना दाखवला आणि डोक्याला छत्रीसारखा पंखा बांधला. बोरिवलीची चुलत वहिनी, जिचं प्रत्येक वाक्य "आमच्या सोसायटीत" इथून निघतं, तिला घोड्यावर बसून घोड्यालाच सोसायटीचे नियम वाचून दाखवताना काढली. मावसभाऊ मोकळी जमीन दिसली की पावलं टाकून मोजतो आणि भाव विचारतो. तो वरातीत उलटा चालत अंगण मोजतोय. गाव येऊन बघून जायचं आणि मला सल्ले द्यायचं. "याचं पोट आजून वाढीव." "हिची पर्स मोठी कर, हिच्या पर्समदी पानी, गोळ्या, चादर, सगळं असतं." फाटकापर्यंत एकवीस माणसं झाली. आत्या नाही.

हळदीच्या सकाळपासून पाहुणे यायला लागले आणि भिंतीपुढे गर्दी. जो तो स्वतःला शोधतोय, सापडला की आरडाओरडा, मग त्याच्याखाली उभं राहून फोटो. काका तर इतका खूश की प्रत्येकाला हात धरून आणायचा, "हे बघ, मी!" वहिनी म्हणाली, "आमच्या सोसायटीत दाखवायला पाहिजे हे," आणि सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. मी साडीला हळदीआधीच पिवळा रंग लावून घेऊन मिरवत होते. कोणी मला खुर्ची दिली असती तर मी बसून सगळ्यांना पाया पडायला लावलं असतं, एवढी हवा डोक्यात गेली होती.

दुपारी आत्या आली. एकटी. यजमान नाहीत, मुलं नाहीत. आणि घरातला आवाजच खाली गेला. आईने तिला एकदम पाटावरून उचलून खुर्चीत बसवलं. टेबलफॅन तिच्याकडे वळवला गेला, तो काकाकडून काढून घेतला हे विशेष. सगळे माठातलं पाणी पितायत, तिच्यासाठी विकतची सीलबंद बाटली. जेवायला पंगत खाली, तिचं ताट टेबलावर. "तुला जमिनीवर त्रास होईल," बाबा म्हणाले.  तिच्याशी बोलताना आम्ही सगळे असे सावकाश बोलत होतो की जणू ती नुकतीच दवाखान्यातून आलीय.

जेवणं झाल्यावर अंगणात बायकांनी हळद कांडायला घेतली. उखळ, मुसळाला बांधलेली आंब्याची पानं, आणि गाणी. ही गाणी म्हणजे काय विचारू नका. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव घेऊन त्याची उतरवायची. काका आला, पंख्याखाली झोपला, वरातीला कोणी उठवा रे त्याला. असं एकेकाचं. ज्याचं नाव येईल तो तोंड लपवतो आणि मनातून फुगतो. आत्या खुर्ची ओढून पुढे सरकली. मी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ हलत होते, गाणं तिला पाठ होतं. काका झाला, वहिनी झाली, मावसभाऊ झाला, आमच्या आईला तर दोनदा घेतलं. आणि मग बायका आत्यावरून अलगद उडी मारून पुढच्यावर गेल्या. त्यांनाही बाबांनी सांगून ठेवलं होतं. आत्याचे ओठ थांबले. ती उठली आणि चप्पल घालून भिंतीकडे निघाली.

मला वाटलं, चित्रं बघून जरा मन रमेल. मी तिच्या मागे. ती घराकडून सुरू झाली आणि एकेक चित्र नीट बघत पुढे जायला लागली. काकाला बघून हसली. वहिनीला बघून एवढी हसली की पदर तोंडाला लावला. "अगं, घोड्याचं तोंड बघ, घोडा पण कंटाळलाय!" मागे पोरं जमली, बायका उखळ सोडून आल्या, बाबा पानाचं तबक हातात घेऊन आले. मी मनात म्हटलं, जमलं, राहतेय ही. ती पुढे पुढे जात होती आणि जसजशी जात होती तसतशी भरभर बघायला लागली. शेवटची पाच-सहा तर तिने बघितलीच नाहीत, नुसते चेहरे चाळले. फाटक आलं. तिने फाटकाबाहेर वाकून बघितलं, भिंत पलीकडे चालू होतेय का ते.

"संपली?" तिने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. 

"आत्या, तुला वाईट वाटेल म्हणून…" मी सुरू केलं. "बाबा म्हणाले, नको." बापाला वाचवायचं वगैरे त्या क्षणी मला अजिबात सुचलं नाही.

आत्याने पदर खोचला. इतका वेळ ती स्वच्छ मुंबईचं मराठी बोलत होती, ते गळून पडलं. "पत्रिकेतलं नाव छापखान्यावाल्यानं खाल्लं. तो परका मानूस. त्याच्यावरून मी चार वर्सं रुसले, माजं चुकलं आसंल. पन भिंत घरची हाय ना? भिंतीवरचं कोनी खाल्लं? सगळ्यांना माठातलं पानी, मना बाटली. सगळी खाली जेवली, मना टेबल. गान्यात बोरिवलीवाली आली, मी न्हाय. मी काय पावनी हाय?"

 मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी म्हटलं, "आत्ता काढते. थांब." धावत जाऊन ब्रश आणला, रंगांचे डबे आणि उरलेला चुना आणला, आणि फाटकाच्या खांबावर, जिथे वीतभर चुना मोकळा होता, तिथे सुरू केलं. हात सरसर चालला. केसांवर चढवलेला गॉगल, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली, नाकाला रुमाल. चार वर्षांची सवय, दोन मिनिटांत बाई उभी.

आत्याने बघितलं. "ही कोन?"

खरंच, ही कोण? आत्याकडे गॉगल नव्हता. पर्स नव्हती, कापडाची पिशवी होती. बाटली आम्हीच तिच्या हातात दिली होती. मी बसमधून उतरणाऱ्या कुठल्याही बाईला तिथे चिकटवून मोकळी झाले होते. आल्यापासून ती माझ्या समोर होती आणि ती चिडेल या भीतीने मी तिच्या तोंडाकडे एकदाही धड बघितलं नव्हतं. मुंबईची माणसं मला पाठ होती, आणि आत्या मुंबईला राहते एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं.

"वर बघ," ती म्हणाली. "बघ माज्याकडं. खात न्हाय मी तुला."

मी बघितलं. ती बारीक झाली होती. भांगात पांढरं दिसत होतं. डावी भुवई वर चढलेली, अगदी बाबांची चढते तशी, ट्रकवाल्याने फाटकापुढे गाडी लावली की. खालचा ओठ पुढे आलेला. एक हात कमरेवर. आणि डोळ्यांत पाणी, ते खाली पडू न देण्यासाठी हनुवटी उचलून धरलेली. मी ती बाई चुन्याने पुसली आणि पुन्हा काढायला घेतली, सावकाश. मध्येच तिचा आवाज आला, "नाक मोठं काढ. आमच्या घरात कोनाचं नाक लहान हाय?" मग थोड्या वेळाने, "तोंड वाकडं काढ. रुसलेय ना मी." बायका हसायला लागल्या. एकीने तर गाणं तिथेच जोडलं, आत्या रुसली, फाटकात बसली, कोणी आणा रे तिला आत. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, "नाव घालून म्हन की!"

माझं काढून झालं. मुंबईचं त्यात काहीच नव्हतं. लग्नघराच्या फाटकात कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली, नाकाचा शेंडा लाल झालेली, जाते जाते म्हणत एक पाऊलही न हलणारी आमची आत्या होती. आत्या बराच वेळ बघत राहिली. तिच्यापेक्षा जास्त वेळ बाबा बघत होते.

"बाय," ते आत्याला म्हणाले, चित्राकडेच बघत, "चार वर्सं मी रोज डोळ्यांपुढं ह्येच तोंड बघतोय गो."

आत्याने धाकट्या भावाला घालावा तसा एक जोराचा धपाटा त्यांच्या पाठीत घातला. तबकातली पानं सगळी खाली सांडली. मग त्याच हाताने तिने डोळे पुसले आणि घराकडे तोंड करून ओरडली, "हळद झाली का कांडून? पोराला पाटावर बसवा, मी येते!"